राखेच्या रंगाची भिंत

राखाडी रंगाला आपल्याकडे घरात फारसा मान कधी नव्हता. नावातच राख! दिवाळीआधी भिंतींना सफेदी करायची, तीही चुन्यात चिमूटभर नीळ टाकून, म्हणजे पांढरा आणखी पांढरा दिसावा. मुद्दाम भिंत काळसर कोण करील? आता मात्र नव्या सदनिकांतले दिवाणखाने सर्रास करडे होताना मी पाहतो. 'हा रंग कशाबरोबरही खपून जातो' असे दुकानदार सांगतो. खरे सांगायचे तर करड्याइतका लहरी रंग दुसरा नाही, आणि त्याचा इतिहासही वाटतो तितका सौम्य नाही.

करड्या भिंतींचे सर्वांत प्रसिद्ध घर कोपनहेगनमध्ये आहे. व्हिल्हेल्म हामरशॉय हा डॅनिश चित्रकार १८९८ ते १९०९ या काळात पत्नी इडासह स्ट्रांडगेडे रस्त्यावरच्या ३० क्रमांकाच्या जुन्या घरात राहिला. या एकाच घराच्या खोल्यांची त्याने साठाच्या आसपास चित्रे काढली. भिंती करड्या, दारे-चौकटी पांढऱ्या, सामान जेमतेम. कुठे काळ्या पोशाखातली, पाठमोरी इडा, तर कुठे तीही नाही. १९०० सालच्या एका चित्रात नुसती रिकामी खोली आहे. खिडकीतून तिरपा कवडसा आला आहे आणि त्यात धूलिकण तरंगत आहेत. बस्स. पण ते पाहताना माणूस हलत नाही. कोपनहेगनमध्ये डिसेंबरातला दिवस जेमतेम सात तासांचा. जो काही उजेड येईल तो भिंतीने झेलावा, आपला रंग मध्ये आणू नये, हे त्या करड्याचे काम. आपल्याकडे उजेडाची ददात नाही. त्यामुळे तिथला करडा इथे जसाच्या तसा उतरत नाही, हे मला अनेकांना सांगावे लागते.

करडा करायचा म्हणजे पांढऱ्यात काळा मिसळायचा, इतके सोपे वाटते. रंगारी हसतात ते इथेच. पांढऱ्या रंगात काजळी घातली की निळसर झाक येते. ती मारायला थोडी पिवळी किंवा तपकिरी माती घालावी लागते. बरे, डब्यात रंग साधला तरी भिंतीवर तो टिकेलच असे नाही.

याचे कारण शोधले मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. १८२४ साली तो पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या सरकारी कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायेत वापरलेला काळा धागा फिका दिसतो. शेव्हरलने इतर ठिकाणचे काळे धागे मागवून ताडून पाहिले. रंगात काही खोट नव्हती! शेजारचा रंगच काळ्याला बिघडवत होता. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो, हे त्याने १८३९ च्या ग्रंथात मांडले. त्यात घरातले सामान आणि भिंतीचे कागद यांचाही विचार आहे. करडा तर बिचारा सर्वांत दुबळा. तांबडा पडदा लावा, करडी भिंत हिरवट भासते. तेव्हा 'कशाबरोबरही खपतो' म्हणण्यापेक्षा 'कोणाचेही ऐकतो' म्हणणे बरे.

आता त्या पांढऱ्याविषयी. जुन्या तेलरंगांतला पांढरा म्हणजे बहुधा सफेदा, शिशापासून केलेला. तो छान पसरे, चांगला झाके, आणि तो दळणाऱ्या, लावणाऱ्या, घासणाऱ्या कामगारांना पोटशूळ देई, त्यांची मनगटे लुळी पाडी. युरोपातल्या कित्येक शांत, सुंदर खोल्यांची ही किंमत रंगाऱ्यांनी मोजली. त्यांची चित्रे कोणी काढली नाहीत. अखेर १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरण्यास बंदी घालणारा करार झाला. त्यातही काही पळवाटा ठेवल्या गेल्याच. तोवर पर्याय हाताशी आला होता. टायटॅनियमचा पांढरा रंग नॉर्वे आणि अमेरिकेत १९१६ पासून कारखान्यात बनू लागला होता. हामरशॉय वारला तोही १९१६ मध्येच, स्ट्रांडगेडेवरच्याच दुसऱ्या एका घरात राहत असताना.

भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली ती फार उशिरा. २०१६ चे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. दहा लाख भागांत शिसे ९० भागांपेक्षा जास्त नको. म्हणून जुन्या घराला आज हौसेने करडा रंग देणाऱ्यांना मी रंगाची छटा नंतर विचारतो. आधी विचारतो, दारे-खिडक्यांचा जुना तेलरंग कोण खरवडणार आहे? कोरडा घासू देऊ नका, पाणी मारून काढायला सांगा, रंगाऱ्याच्या तोंडाला साधा रुमाल नव्हे, नीट मुखपट्टी द्या, आणि तेवढे दिवस लहान मुलांना त्या घरात ठेवू नका.