नाममुद्रा आणि मोल : इंग्लिश शिकारी बंदुकांची कीर्ती व पुनर्विक्री यांचा इतिहास

प्रस्तावना

वापरलेली वस्तू नव्या वस्तूपेक्षा स्वस्त असते, हा बाजाराचा सर्वसाधारण नियम आहे. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत त्यांत लंडनच्या नामांकित पेढ्यांच्या छर्ऱ्याच्या दुनळी बंदुकांचा समावेश करावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीच्या दोन बंदुका बाराच बोरच्या, सारख्याच लांबीच्या नळ्यांच्या आणि सारख्याच सुस्थितीतील असल्या, तरी केवळ पट्टीवर कोरलेल्या नावामुळे त्यांच्या किमतीत अनेक पटींचा फरक पडतो. हा फरक कारागिरीचा की नावाचा, आणि नावाचा असल्यास ते नाव कोणी व कसे कमावले, या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे. विषय प्रामुख्याने ब्रिटनचा आहे. तुलनेसाठी अमेरिकेचा आणि वसाहतकालीन व्यापाराच्या संदर्भात मुंबई-कलकत्त्याचा उल्लेख ओघाने येईल.

जोसेफ मँटन : नाव मोठे, घर रिकामे

इंग्लिश बंदुकीच्या इतिहासात 'नावाला' किंमत मिळवून देणारा पहिला मोठा कारागीर म्हणून जोसेफ मँटन (१७६६–१८३५) याचा निर्देश करावा लागतो. चकमकीच्या बंदुकीला त्याने जे रूप दिले, तेच पुढे इंग्लिश दुनळीचे प्रमाणरूप ठरले. दोन नळ्यांच्या मधोमध उंचावलेली पट्टी ही त्याचीच देणगी. कर्नल पीटर हॉकर या नामवंत शिकाऱ्याने १८१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातून मँटनची कीर्ती दूरवर नेली. एखाद्या जाणकार ग्राहकाच्या लेखणीने पेढीचे नाव मोठे व्हावे, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

मात्र नाव मोठे झाले म्हणून नाव मिळवणारा सुखी झाला असे नाही. एकस्व हक्कांचे खटले, वाढता खर्च आणि बदलते तंत्र यांत मँटन सापडला. अलेक्झांडर फोर्सिथ याने १८०७ मध्ये आघाताने पेट घेणाऱ्या दारूचे एकस्व घेतले होते. मँटनने त्याच दिशेने केलेले प्रयत्न न्यायालयात टिकले नाहीत. १८२६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील त्याच्या जागेत जेम्स पर्डी आला. हा पर्डी पूर्वी मँटनच्याच हाताखाली काम करणारा. त्याने १८१४ मध्ये स्वतःची पेढी काढली होती. थॉमस बॉस हाही मँटनच्या कर्मशाळेतून घडला, आणि चार्ल्स लँकेस्टर त्याच्यासाठी नळ्या तयार करीत असे. पुढे ज्या पेढ्यांची नावे सर्वोच्च किमतीशी जोडली गेली त्यांतील अनेकांचे मूळ या एका दिवाळखोर माणसाच्या कर्मशाळेत आहे. मँटनच्या थडग्यावरील लेख हॉकरनेच रचला; ग्राहकाने कारागिराचे ऋण असे फेडल्याची उदाहरणे विरळाच.

या कीर्तीचा दुसरा परिणाम म्हणजे बनावट माल. बेल्जियममधील लिएज हे बंदुकांचे मोठे उत्पादनकेंद्र होते. तेथील स्वस्त बंदुकांवर मँटनचे नाव सर्रास कोरले जाई. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या पेढीच्या नावाशी साधर्म्य साधणारे 'डब्ल्यू. रिचर्ड्स' हे नाव तर अमेरिकेत पाठवल्या जाणाऱ्या बेल्जियन मालावर इतके रूढ झाले की आजही अनेक कुटुंबे आजोबांची बंदूक अस्सल इंग्लिश असल्याच्या समजुतीत असतात, आणि विक्रीच्या दिवशी त्यांचा भ्रमनिरास होतो. ब्रिटिश संसदेने १८८७ मध्ये व्यापारी चिन्हांविषयी कायदा केला. परंतु परदेशी बाजारातील खोट्या नावांना तो कितपत आवर घालणार?

नाव एकाचे, हात दुसऱ्याचे

बनावट मालाचा प्रश्न एका अर्थी सोपा आहे, कारण त्यात खरे-खोटे ठरवता येते. अधिक गुंतागुंतीचा प्रश्न कायदेशीर नावाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील बंदुकांचा मोठा भाग बर्मिंगहॅममध्ये तयार होत असे. तेथे नळी ठोकणारा, घोडायंत्र घासणारा, दस्ता बसवणारा आणि नक्षी कोरणारा असे निरनिराळे कारागीर आपापल्या लहान कर्मशाळेत काम करीत. तयार बंदुकीवर नाव मात्र विक्रेत्याचे पडे. प्रांतोप्रांतीच्या दुकानदारांनी अशा बंदुका घेऊन आपल्या नावाने विकल्या. डब्ल्यू. अँड सी. स्कॉट आणि पुढे वेब्ली अँड स्कॉट यांच्या कारखान्यातून निघालेला माल कितीतरी वेगवेगळ्या नावांनी बाजारात गेला.

लंडनच्या थोर पेढ्याही या व्यवहारापासून सर्वस्वी अलिप्त नव्हत्या. पर्डीची गाजलेली स्वयंउघड यंत्ररचना ही पर्डीची नव्हे. फ्रेडरिक बीस्ली या कारागिराने १८८० मध्ये तिचे एकस्व घेतले आणि हक्क पर्डीला विकले. तीच रचना आज 'पर्डी' या नावाच्या किमतीचे एक प्रमुख कारण मानली जाते. हॅरिस हॉलंड हा मुळात तंबाखूचा व्यापारी. त्याने १८३५ मध्ये सुरू केलेली पेढी पुढे हॉलंड अँड हॉलंड म्हणून जगप्रसिद्ध झाली. या पेढीने 'रॉयल' या उत्तम प्रतीबरोबरच कमी किमतीच्या प्रतीही विकल्या. त्यामुळे केवळ पेढीचे नाव वाचून किंमत लावणारा ग्राहक फसतो. बॉस पेढीने मात्र फक्त सर्वोत्तम प्रतीच्याच बंदुका बनवण्याचे धोरण जाहीरपणे स्वीकारले. पुनर्विक्रीच्या दृष्टीने हे धोरण फार दूरदर्शी ठरले, कारण त्या नावाखाली दुय्यम माल शोधण्याची गरजच उरत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवावीशी वाटते. उत्तम बंदुकीच्या किमतीचा मोठा हिस्सा शेकडो तासांच्या हातकामाचा आहे, हे खरे. परंतु तीच कारागिरी बर्मिंगहॅमच्या एखाद्या अल्पज्ञात नावाखाली असेल तर बाजार तिला तो दर देत नाही. म्हणजे दुसऱ्या खेपेला जे विकले जाते त्यात कामाइतकाच नावाचाही वाटा असतो.

मोल ठरवणाऱ्या मुद्रा

नाव हा मूल्याचा एक आधार. दुसरा आधार परीक्षण-मुद्रेचा. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि नळ्यांच्या शक्तिपरीक्षणाची व्यवस्था रूढ झाली. बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. १८६८ च्या कायद्याने या व्यवस्थेला जे रूप दिले त्याचा पाया आजही टिकून आहे. परीक्षणास न उतरलेली, अथवा नळी झिजून मापाबाहेर गेलेली बंदूक ब्रिटनमध्ये विकता येत नाही. काळ्या दारूऐवजी धूरविरहित दारू आल्यावर जुन्या बंदुकांना नव्याने परीक्षण करून घ्यावे लागले. ज्यांच्यावर ही नवी मुद्रा आहे त्यांना गिऱ्हाईक अधिक. काडतुसाचे घर अडीच इंची की पावणेतीन इंची, नळीची भिंत किती पातळ झाली, आतून खड्डे पडले आहेत काय, हे सारे तपासल्यावाचून जाणकार व्यापारी नावाकडे पाहतही नाही. थोर पेढीची पण नळ्या संपलेली बंदूक ही म्हणूनच बाजारात दुःखाची वस्तू ठरते. मूळ पेढीकडून नव्या नळ्या बसवून घेतल्यास मोल बरेचसे टिकते. जुन्या नळ्या कापून त्यांत नव्या नळ्या बसवल्यास बंदूक वापरण्याजोगी होते, पण मोल घसरते.

कीर्ती आणि वस्तुस्थिती यांतील तफावतीचे उत्तम उदाहरण दमास्कस नळ्यांचे आहे. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून ठोकलेल्या या नळ्या विसाव्या शतकात धोकादायक ठरवल्या गेल्या आणि त्यांचे मोल कोसळले. वास्तविक १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्मिंगहॅम येथील तौलनिक परीक्षेत अशा पद्धतीने घडवलेल्या काही इंग्लिश नळ्या एकसंध पोलादाच्या नळ्यांपेक्षा वरच्या क्रमांकावर होत्या. झिजलेल्या, गंजलेल्या नळ्यांबद्दलची सावधगिरी रास्तच आहे. पण बाजाराने सरसकट साऱ्या जातीलाच नाकारले.

याच्या उलट, परीक्षेने नाव वर नेल्याचेही उदाहरण आहे. १८७५ च्या लंडन चाचणीत डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या चोक पद्धतीच्या नळ्यांनी बाजी मारली आणि बर्मिंगहॅमच्या या पेढीचे नाव लंडनच्या बरोबरीने घेतले जाऊ लागले.

लंडनच्या पेढ्यांनी जपलेल्या नोंदवह्या हा मूल्याचा तिसरा आधार होय. प्रत्येक बंदुकीचा क्रमांक, मूळ ग्राहक आणि मापे त्यांत मिळतात. जोडीने बनवलेल्या बंदुकांवर १ व २ हे आकडे घातलेले असतात. वारसांच्या वाटणीत जोडी फुटली की दोन्ही बाजूंचे नुकसान होते. एकत्र जोडीचे मोल दोन सुट्या बंदुकांच्या बेरजेहून अधिक असते.

अमेरिकेतील वेगळी दृष्टी

अमेरिकेत पार्कर, एल. सी. स्मिथ आणि ए. एच. फॉक्स या पेढ्यांना असेच स्थान लाभले. पार्करची पेढी १९३४ मध्ये रेमिंग्टनकडे गेली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उत्पादन थांबले. नाव मात्र संग्राहकांत वाढत राहिले. तेथील एक भेद लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये मूळ पेढीकडून नव्याने चकाकी करून घेतलेली बंदूक सुस्थितीतील मानली जाते. अमेरिकी संग्राहक मात्र मूळ रंगाचा पुसट अवशेष अधिक मोलाचा समजतो. विंचेस्टरच्या बाबतीत तर एकाच नावाचे दोन भाग पडले. १९६४ च्या सुमारास या कंपनीने उत्पादनखर्च कमी करण्यासाठी रचना बदलल्या आणि १९१२ पासून चाललेली मॉडेल १२ ही बंदूक नियमित उत्पादनातून काढली. तेव्हापासून '१९६४ पूर्वीची' हे शब्दच किमतीचे माप झाले. कंपनीने वाचवलेला खर्च तिच्या जुन्या मालाच्या मालकांच्या पदरात पडला, असे म्हणण्यास हरकत नाही.

मुंबई-कलकत्त्याचा दुवा

भारतात या बंदुका येण्याचे मार्ग ठरलेले होते. कलकत्त्यात मँटन आणि रॉडा या पेढ्या होत्या. रॉडाचे नाव १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी पळवलेल्या ५० माउझर पिस्तुलांमुळे वेगळ्याच कारणाने इतिहासात राहिले. मुंबईत आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीने १८९१ मध्ये शाखा उघडली. काळा घोडा परिसरातील तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. या सोसायटीच्या नावाने विकल्या गेलेल्या अनेक बंदुका प्रत्यक्षात बर्मिंगहॅमच्या होत्या.

हा बाजार मुळातच अरुंद होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने युरोपियनांना सवलत आणि भारतीयांना परवाना असा भेद केला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपत आणला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी आयात जवळपास बंद झाली. परिणामी भारतात मोलाचा निकषच बदलला. येथे ग्राहक पेढीच्या श्रेणीपेक्षा 'विलायती की देशी' एवढेच प्रथम विचारतो, आणि लंडनमध्ये साधी गणली जाणारी वेब्ली येथे मानाची ठरते. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित तीन होत्या त्यांना एक निवडून बाहेर काढावी लागली. अशा वेळी घरातील आठवण, परवाना असलेला गिऱ्हाईक आणि पट्टीवरील नाव यांतले काय जड ठरते, हे दर घरी वेगळे असते.

बंदुकीचा दस्ता उतरवून नळ्या पालथ्या केल्या की कित्येकदा लोखंडावर दोन-तीन बारीक अक्षरे उठवलेली दिसतात. ती नळी घडवणाऱ्याची किंवा यंत्र बसवणाऱ्याची आद्याक्षरे असतात. पट्टीवरील सोनेरी नाव लिलावात प्रथम वाचले जाते; ही अक्षरे पाहण्यासाठी बंदूक उलगडावी लागते.