बोक्यांचा संधिवात आणि आरोपी विषाणू

'सहसंबंध म्हणजे कारण नव्हे' हे वाक्य संशोधनाच्या वाटेवर असलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण ते पाळायची वेळ आली की भल्याभल्यांची परीक्षा होते. मांजरांच्या एका सांधेविकाराच्या इतिहासात हे फार छान दिसतं.

1980 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडरसन आणि सहकाऱ्यांनी या विकाराचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात एकाच वेळी अनेक सांधे सुजतात आणि आजार वाढत जातो. तरुण मांजरांत सांध्याभोवती हाडाची नवी वाढ दिसते, तर वयस्क मांजरांत हाड झिजून सांधा वाकडा होतो, अगदी माणसाच्या आमवातासारखा. नेहमीच्या जिवाणूंचा संसर्ग मात्र सापडत नाही. म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते. आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांनी नोंदवलेले सगळे रुग्ण बोके होते. एकही मादी नाही!

आरोप कुणावर?

आता गंमत बघा. या सगळ्या बोक्यांत पेशींना एकमेकींत विरघळवणारा एक विषाणू सापडला. त्याला आज फोमी व्हायरस म्हणतात. शिवाय सुमारे 60 टक्के बोक्यांत ल्युकेमियाचा विषाणूही होता. 'कारण सापडलं' म्हणून मोकळं व्हायला एवढं पुरे होतं.

पण फोमी व्हायरस धडधाकट मांजरांतही सर्रास आढळतो. म्हणून त्यांनी पुढची पायरी घेतली. आजारी सांध्यातल्या ऊतीचा अंश आणि प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू टोचून आजार उभा करायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. हे अपयश त्यांनी त्याच शोधनिबंधात लिहून टाकलं. ल्युकेमियाचा विषाणू आधीच कल असलेल्या बोक्यांत फोमी व्हायरसला बळ देत असावा, असं त्यांनी फक्त गृहीतक म्हणून मांडलं.

पुढे 1986 मध्ये पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी मांजरांतला एड्ससदृश विषाणू, म्हणजे एफआयव्ही, शोधला. तो प्रामुख्याने चाव्यातून पसरतो, आणि मारामाऱ्या करतात ते मुख्यतः बोके! म्हणजे 1980 च्या बोक्यांत तिसराही विषाणू असू शकला असता. पण तेव्हा तो माहीतच नव्हता, तर चाचणी कुठून येणार? तुमच्या तक्त्यात जो रकानाच नाही, त्याचा परिणाम तुम्ही कसा मोजाल?

कारण नक्की नाही, मग उपचार?

इथे माणसांच्या वैद्यकातून मदत आली. 1948 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि 1950 चं नोबेल त्या कामाला मिळालं. कारण न कळताही दाह विझवता येतो, हे त्यातून दिसलं. मांजरांतही स्टेरॉइड हाच पाया ठरला आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली.

पण मांजर म्हणजे छोटा माणूस नव्हे. प्रेडनिसोनचं यकृतात प्रेडनिसोलोन व्हावं लागतं. मांजरात ते नीट होत नाही, म्हणून थेट प्रेडनिसोलोनच देतात. अझाथायोप्रिन पचवणाऱ्या एका एन्झाइमची क्रिया मांजरात फार कमी असते. त्यामुळे अस्थिमज्जा धोक्यात येते. म्हणून ते टाळून क्लोरॅम्ब्युसिलसारखे पर्याय वापरतात. 2005 मध्ये 12 मांजरांना मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड एकत्र दिल्याचा अहवाल आला. निम्म्याहून अधिक मांजरांत ठळक सुधारणा दिसली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे आशा वाढली, सिद्ध काही झालं नाही.

आणि या सगळ्याआधी सांध्यातलं पाणी काढून तपासणं येतं. मायकोप्लाझ्मासारखे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये निसटतात. संसर्ग असताना प्रतिकारशक्ती दाबली, तर आपणच मांजराला संकटात ढकलतो. ल्युकेमिया आणि एफआयव्हीची चाचणीही याचसाठी आधी करतात. कारणाबद्दलची चूक इथे कागदावर राहत नाही, ती थेट त्या मुक्या जिवाला भोगावी लागते.

म्हणून पुढचा पेपर वाचताना तीन प्रश्न वहीत लिहा. हा घटक निरोगी गटात किती आढळतो? तो देऊन आजार उभा राहिला का? आणि त्या काळी काय मोजताच येत नव्हतं? तिसऱ्याचं उत्तर त्या पेपरात मिळणार नाही, ते नंतरच्या वर्षांच्या पेपरांत शोधावं लागतं.