स्तनकर्करोग शस्त्रक्रियेतील नसांचे ब्लॉक

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आटोक्यात ठेवण्यासाठी छातीच्या भिंतीतील नसांजवळ बधिरतेचे औषध सोडण्याची पद्धत. बहुतेक वेळा ती पूर्ण भुलीच्या जोडीला वापरतात.

स्तनाच्या त्वचेची संवेदना मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या बरगड्यांलगतच्या नसा वाहतात, छातीच्या स्नायूंच्या नसा मानेतून उतरतात, तर काख आणि दंडाची आतली बाजू दुसऱ्या बरगडीलगतच्या नसेच्या फांदीकडे असते. त्यामुळे एकाच टोचणीत सारे भागेलच असे नाही. काखेतील गाठी काढलेल्या बाईला छाती शांत असूनही हात उचलताना कळ येते, ती यामुळेच.

मणक्यालगतचा पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक सर्वांत जुना (१९०५) आणि भरवशाचा. मात्र फुप्फुसाचे आवरण जवळ असल्याने हात सरावाचा लागतो. भूलतज्ज्ञ राफाएल ब्लांको यांनी २०११ ते २०१३ या काळात पेक्स-१, पेक्स-२ व सेरेटस हे स्नायूंच्या पापुद्र्यांमधले ब्लॉक मांडले; पाठीच्या स्नायूखालचा इरेक्टर स्पायनी २०१६ मध्ये आला. पेक्स-२ मध्ये गळपट्टीच्या हाडाखाली सोनोग्राफीचा प्रोब ठेवतात. पडद्यावर दोन स्नायू, बरगडी आणि तिच्याखाली श्वासागणिक सरकणारी पांढरी रेघ दिसते. ती रेघ फुप्फुसावरच्या आवरणाची. सुईचे टोक तिच्या अलीकडेच थांबवायचे. स्नायूंच्या थरांत साधारण १० आणि २० मि.लि. पातळ बुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन पसरते. एका टोचणीचा असर काही तास ते जवळपास दिवसभर टिकतो. मॉर्फिनसारखी औषधे कमी लागतात, उलट्या कमी होतात. कर्करोग उलटणे यामुळे टळते, ही आशा मात्र २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत फोल ठरली.

सातारा-सांगली पट्ट्यात कराडचे कृष्णा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९६२) आणि सिद्धिविनायक कॅन्सर रुग्णालय ही मोठी केंद्रे. उपचारांचे गाव म्हणून मिरजेची ओळख वानलेस रुग्णालयापासूनची, म्हणजे १८९४ पासूनची. लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि खरी अडचण तेथे आहे. औषध स्वस्त व सहज मिळणारे. सोनोग्राफी यंत्र मात्र गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखाली नोंदलेल्या जागेशी बांधलेले, ते गाडीत घालून गावोगाव नेता येत नाही. २०१७ मध्ये म्हैसाळचे स्त्रीभ्रूणहत्या प्रकरण उघडकीस आलेल्या सांगली जिल्ह्यात ही कडक शिस्त अनाठायी म्हणवत नाही. पण छातीच्या नसा शोधणाऱ्या डॉक्टरलाही तोच नियम लागतो. म्हणून यंत्र नसेल तेथे सर्जनच टाके घालण्यापूर्वी उघड्या जखमेतून, डोळ्यांदेखत औषध सोडतात. हा उपाय साधा असून दुर्लक्षित आहे.

‘पाठीत सुई घेतली की कंबर कायमची जाते’ हा समज येथे घट्ट आहे. पेक्स आणि सेरेटसमध्ये पाठीला हातही लागत नाही, हे नातेवाइकांना आधीच सांगावे लागते. खरे धोके वेगळे: फुप्फुसाला छिद्र, रक्तस्राव आणि औषध रक्तात जाऊन झटके येणे किंवा हृदयाची लय बिघडणे. बुपिव्हॅकेनची मात्रा किलोमागे साधारण २ मि.ग्रॅ. एवढी राखतात, म्हणजे ४५ किलोच्या बाईला ९० मि.ग्रॅ., पाव टक्क्याच्या द्रावणात ३६ मि.लि. दोन्ही स्तनांची शस्त्रक्रिया असेल तर हेच औषध दोन बाजूंत वाटावे लागते. विषबाधेवरचा उतारा म्हणजे २० टक्के लिपिड इमल्शन. त्याची बाटली शस्त्रक्रियागृहात हाताशी असल्याशिवाय ब्लॉक देऊ नये.