मुरमाची वाट आणि जाड टायर

ऑफ-रोड ड्युएथलॉनमध्ये स्पर्धक आधी धावतो, मग मातीच्या वाटेवर सायकल हाणतो आणि सायकल ठेवून पुन्हा धावतो. खेळ नवा आहे. मात्र अंधेरी-बोरिवली किंवा घाटकोपर-मुलुंडकडचा नवशिका ज्या चढ-उतारांवर त्याची तयारी करतो, त्या वाटा चांगल्याच जुन्या आहेत, आणि त्यातली एकही खेळासाठी काढलेली नाही. कोणी ती पाण्यासाठी काढली, कोणी दुधासाठी, तर काही पायवाटा पाड्यावरच्या माणसांनी रोजच्या जाण्यायेण्याने पाडल्या.

साष्टी बेटाच्या मधोमध डोंगर आहे. बोरिवलीहून तो पूर्वेला दिसतो, मुलुंडहून पश्चिमेला. आज त्याचा बहुतेक भाग सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी याच डोंगरात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून कोरली गेली. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून येणारे व्यापारी आणि भिक्षू येथे चढून येत. उद्यानाच्या बोरिवलीकडच्या दारापासून लेण्यांपर्यंतचा रस्ता सहा-सात किलोमीटरचा आहे आणि त्याचा शेवटचा चढ सायकलवाल्याची खरी परीक्षा घेतो. उपनगरात वाढलेल्या कित्येक मुलांच्या पायांना घाट म्हणजे काय ते पहिल्यांदा इथेच कळले.

पाण्याने या डोंगरात दुसऱ्या वाटा आणल्या. मुंबई शहराची तहान विहिरी आणि तळ्यांवर भागेना, तेव्हा मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलाव बांधला गेला. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये नळाचे पाणी शहरात पोहोचले. १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला, त्यानंतर पवई आणि १८९२ मध्ये दूरच्या तानशाचे पाणी. धरणावर देखरेख करायला, नळाची गळती शोधायला माणूस आणि गाडी जाईल अशी वाट लागतेच. मुलुंड-भांडुपकडून शहराकडे गेलेल्या प्रचंड जलवाहिन्यांच्या कडेने अशीच मोकळी पट्टी सुटली. मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये त्याच पट्टीवर मुलुंडपासून ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग आखला आणि त्याला ‘हरितवारी जलतीरी’ असे सुरेख नाव दिले.

दुधाची गोष्ट अलीकडची. शहरात जागोजागी असलेले म्हशींचे तबेले हलवून गोरेगावच्या पूर्वेला एकत्र आणायचे ठरले आणि १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली. क्षेत्र सुमारे १,२८७ हेक्टर. दूध आयुक्त दारा खुरोडी यांचे नाव या कामाशी कायमचे जोडलेले आहे. १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वसाहतीचे तबेले ‘युनिट’ म्हणून क्रमांकाने ओळखले जातात. युनिटांना जोडणारे रस्ते झाले, कुरणांच्या बांधांवरून वाटा झाल्या. वसाहतीच्या आधीपासून असलेल्या आदिवासी पाड्यांच्या पायवाटा तर होत्याच. आरेत असे २७ पाडे सांगितले जातात. आज सकाळी मरोळकडून किंवा गोरेगावकडून सायकल घेऊन आरेत शिरणारा माणूस या तीन प्रकारच्या वाटांवरून एकाच फेरीत जातो, बहुधा नकळत.

उपनगरात सायकल आली ती कष्टाचे साधन म्हणून. दूधवाला, पाववाला, पेपरवाला, स्टेशनवर डबे पोहोचवणारा डबेवाला, सगळे सायकलवर. त्या सायकली वीस किलोच्या घरातल्या, दांड्याच्या ब्रेकच्या, गिअर नसलेल्या. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या लटकलेल्या असत. चढ आला की दूधवाला खाली उतरे, एक हात हँडलवर आणि दुसरा सीटवर ठेवून, अंग पुढे झुकवून सायकल वर ढकली. हे अंगवळणी पडलेले कसब आहे. मातीवरच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरणाऱ्याला तेच शिकावे लागते आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मुलांचे शिक्षण भाड्याच्या सायकलवर होई. तासाचे पैसे मोजायचे, उंची पुरत नसेल तर त्रिकोणातून पाय घालून हाफ पेडल मारायचे आणि गुडघे फोडून घ्यायचे.

खेळाची परंपराही मुंबईत होतीच. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर कापून मार्च १९२८ मध्ये परतले. इराणचे वाळवंट त्यांनी साध्या पोलादी सायकलींवर ओलांडले. ऑफ-रोड हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते, पण दुसरे काय होते ते? पुढे मुंबई-पुणे सायकल शर्यतीने महाराष्ट्राला ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला तो मिळतो आणि शर्यत जिंकणाऱ्याइतकाच मान त्यालाही असतो. सांगलीच्या सायकलपटूंनी त्यावर आपले नाव कोरले. ही सगळी शर्यत मात्र डांबरावरची.

माउंटन बाइक आली कॅलिफोर्नियातून. मरिन परगण्यातल्या डोंगरावर काही तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली मातीच्या उतारावरून सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली नोंदलेली शर्यत घेतली. उतार इतका तीव्र की मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस जळून धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नाव ‘रीपॅक’. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची, चार्ली केली ही त्या मंडळींतली नावे. १९८१ मध्ये कारखान्यात घाऊक बनलेली ‘स्टंपजंपर’ बाजारात आली, १९९० मध्ये ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. भारतात गिअरच्या सायकलचे वेड लावण्यात १९९२ च्या ‘जो जीता वही सिकंदर’ या चित्रपटाचाही वाटा होता. त्यानंतर उपनगरांतल्या सोसायट्यांच्या जिन्याखाली जाड टायरच्या, सरळ हँडलच्या सायकली दिसू लागल्या. त्यांतल्या बहुतेकींनी मात्र डोंगर पाहिला नाही.

ड्युएथलॉनला सुरुवातीला बायथलॉन म्हणत. बर्फावर घसरत जाऊन मध्ये थांबून नेमबाजी करण्याच्या जुन्या खेळाचे तेच नाव असल्याने ते बदलले. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन संघटना स्थापन झाली आणि १९९० मध्ये पाम स्प्रिंग्जला पहिली जागतिक ड्युएथलॉन स्पर्धा झाली. मातीवरच्या प्रकाराला ‘क्रॉस ड्युएथलॉन’ म्हणतात. आपल्याकडे पोहता न येणारे पुष्कळ, समुद्र जवळ असूनही. पोहणेही असलेल्या ट्रायथलॉनपेक्षा ड्युएथलॉनचे दार त्यांना लवकर उघडते.

पहिल्या स्पर्धेत नवशिक्याला अडवतो तो बहुधा चढ नव्हे, बदल. धावून आल्यावर सायकल स्टँडवरून काढण्याआधी हेल्मेट डोक्यावर असून त्याचा पट्टा लावलेला हवा. हा नियम आहे आणि घाईत तोच चुकतो. आखलेल्या रेषेच्या पुढे गेल्यावरच सायकलवर बसायचे, परतताना रेषेच्या आधीच उतरायचे. मग दुसरे धावणे. सायकलवरून उतरल्यावर पहिली काही मिनिटे पाय लाकडासारखे होतात, पाऊल कुठे पडते ते कळत नाही. याला सरावाखेरीज इलाज नाही: सायकल चालवून लगेच दहा-पंधरा मिनिटे धावायचे, आठवड्यातून एकदा तरी. मातीवर टायरची हवा डांबरापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे टायर मुरमाला धरून राहतो. उतारावर पेडल आडवी समान पातळीत, बूड सीटवरून थोडे मागे, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता वळणाच्या पलीकडे. पावसाळ्यात इथल्या काळ्या खडकावर शेवाळ चढते आणि त्यावर पुढचा ब्रेक दाबणारा हमखास आडवा होतो.

सरावाची जागा मात्र आकसते आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. पवई तलावाच्या काठाने आखलेला सायकलमार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि टाकलेला भराव काढायला सांगितला. तलावातल्या मगरी आणि पाणथळ जागा यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले, सायकलवाल्यांनाही ते मान्य करायला हरकत नसावी. राष्ट्रीय उद्यानात ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या रस्त्यावरच सायकल नेता येते. आतल्या वाटा बिबट्यांच्या आहेत. आरेतही अंधार पडायच्या आत बाहेर पडायचे, हे पाड्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली, आणि सायकलवाले त्यांच्याकडूनच ते शिकले.