खिळे, शाई आणि बाजार

विकसनशील देशांतील लघुउद्योगांविषयी लिहिताना तंत्रज्ञानाचा उल्लेख बहुधा 'आगमन' या शब्दाने होतो. यंत्र आले, वीज आली, संगणक आला आणि त्यामागोमाग भरभराटही आली, असा तो क्रम असतो. मराठी मुद्रणाचा इतिहास पाहिला तर हा क्रम फारसा टिकत नाही. यंत्र येथे अनेकदा आले आणि अनेकदा परतही गेले. ते कधी आणि कोणामुळे रुजले, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही, कारण आपले आधुनिक वाङ्मय ज्या पायावर उभे आहे तो पाया लहान भांडवलाच्या छापखानदारांनी घातला.

गोव्यात सेंट पॉल कॉलेजात छापखाना सुरू झाला तो 1556 साली. भारतातले हे पहिले मुद्रण. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले, पण रोमन लिपीत. 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने कोकणीच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. आधीच मंदावलेले तेथील मुद्रण त्यानंतर थंडावले, ते 1821 मध्ये पुन्हा सुरू झाले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ यंत्र असूनही त्याभोवती एतद्देशीय धंदा उभा राहिला नाही. यंत्राचा मालक धर्मपीठ होते, ग्राहकही तेच. छापलेला कागद विकत घेणारा माणूस या व्यवहारात कोठेच नव्हता.

सुरतेच्या भीमजी पारेखांची गोष्ट याच्या उलट आहे. ते धनाढ्य व्यापारी होते. आपल्या लिपीत ग्रंथ छापावेत ही इच्छा त्यांना होती आणि खर्चाची तयारीही होती. त्यांच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठवला. तो 1674 मध्ये सुरतेस पोचला. त्याला छपाई येत होती, अक्षरे कोरता येत नव्हती. भीमजींनी आपल्या माणसांकडून अक्षरे पाडून घेण्याचा प्रयत्न केला, पण त्यातून धंदा उभा राहिला नाही. गोव्यात ग्राहक नव्हता, सुरतेत कारागीर नव्हता.

कारागिरी या देशात नव्हती असे मात्र नाही. 1805 मध्ये मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात सुरू झालेला हा खटाटोप पटवर्धनांच्या आश्रयाने पूर्ण झाला. पण आश्रयाने एक ग्रंथ होतो, व्यवसाय होत नाही. त्याच वर्षी श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी कॅरे यांचे मराठी व्याकरण छापले. त्यांच्यापाशी ओतशाळा होती, शिकवून तयार केलेले कारागीर होते आणि वर्षानुवर्षे चालणारे काम होते.

या पार्श्वभूमीवर मुंबईचे गणपत कृष्णाजी महत्त्वाचे ठरतात. ते भंडारी समाजातले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम त्यांनी पाहिले होते. त्यांनी पहिल्या टप्प्यावर खिळ्यांच्या वाटेला न जाता शिळाछाप निवडला, आणि या निवडीत त्यांची व्यवहारदृष्टी दिसते. जर्मनीत सेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेल्या या पद्धतीत अक्षरे ओतावी लागत नाहीत. लेखनिकाने खास शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून त्यावरून प्रती काढता येतात. देवनागरीत जोडाक्षरे आणि काना-मात्रांमुळे शेकडो खिळे पाडावे लागतात. तो सारा खर्च शिळाछापाने वाचला. शिवाय सुंदर अक्षर काढणारे लेखनिक येथे पिढ्यान्‌पिढ्या होतेच, त्यांचे कौशल्य वाया न जाता कामी आले. गणपत कृष्णाजींनी सुरुवातीचे यंत्र लाकडाचे बनवले आणि शाईचे प्रयोगही स्वतःच केले.

1831 मध्ये त्यांनी पंचांग छापले. व्यवसायाच्या दृष्टीने याहून चोख निवड सुचवणे कठीण आहे. पंचांग घरोघर लागते, दरवर्षी नवे लागते आणि गुढीपाडव्यापूर्वीच लागते, त्यामुळे मागणीची खात्री आणि विक्रीचा मुहूर्त दोन्ही आधीच ठरलेले असतात. अडचण वेगळी होती. छापील कागदाला हात लावणेही अनेक कर्मठांना विटाळाचे वाटे, कारण शाईत चरबी असते असा समज होता. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले. ही कथा आपल्याकडे विनोदाने सांगितली जाते. मला ती मराठी उद्योजकतेच्या इतिहासातील एक गंभीर घटना वाटते. ग्राहकाच्या श्रद्धेची टिंगल न करता किंवा तिच्यापुढे हात न टेकता त्यांनी आपल्या मालाची घटनाच बदलली. पुढे धंदा स्थिरावल्यावर त्यांनी खिळेही पाडले. स्वस्त तंत्राने बाजार मिळवायचा आणि मग महागड्या तंत्राकडे वळायचे, हा क्रम त्यांना कोणी शिकवलेला नव्हता.

दुसरा टप्पा जावजी दादाजींचा. 1839 मध्ये जन्मलेले जावजी लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. तेथे टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी अक्षरांचे ठसे सुधारण्याचे मोठे काम केले होते. पुढे आणखी छापखान्यांत अनुभव घेऊन जावजींनी 1864 मध्ये स्वतःची ओतशाळा काढली. निर्णयसागर छापखाना त्यानंतरचा, 1869 सालचा. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. ते आधी अवजार बनवणारे झाले, मग मुद्रक. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरे कोरणारा कुशल सहकारी त्यांना लाभला. पोलादी पंचावर अक्षर उलटे कोरायचे, तो पंच तांब्यावर ठोकून मातृका घ्यायची आणि तिच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा, असे हे काम. एक पंच बिघडला तर त्या अक्षराचे सारे खिळे बिघडणार. निर्णयसागरच्या अक्षराला जी प्रतिष्ठा मिळाली, ती या अबोल नजरेची आणि हाताची आहे. 1886 मध्ये सुरू झालेल्या 'काव्यमाला'मुळे संस्कृतच्या अभ्यासकांत निर्णयसागरचे नाव देशाबाहेरही पोचले.

परंतु विस्ताराच्या दृष्टीने ओतशाळेचे मोल त्याहून मोठे आहे. खिळे मुंबईत विकत मिळू लागले, म्हणजे छापखाना काढण्यासाठी अक्षरे कोरता येण्याची गरज उरली नाही. खिळ्यांचा संच, एखादे जुने यंत्र आणि दोन जुळारी एवढ्यावर जिल्ह्याच्या गावी धंदा उभा राहू शकला. 1881 मध्ये 'केसरी' निघाला तेव्हा चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहून नेल्याचे सांगितले जाते. या आठवणीतला त्याग आपण नेहमी पाहतो. वाहून नेण्याजोगे, विकत मिळणारे साहित्य उपलब्ध होते, ही त्यातली दुसरी बाजू आपल्या नजरेतून निसटते. टिळकांनी पुढे देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला, तोही जुळणीचा वेळ आणि खर्च वाचवण्यासाठीच. अर्थात वाट सरळ नव्हती. 1910 च्या कायद्याने सरकारला छापखान्यांकडून अनामत मागता येऊ लागली आणि ती जप्तही करता येऊ लागली. लहान छापखानदाराला हा धाक पुरेसा होता.

या इतिहासाला यशोगाथा म्हणावे काय? माझा हात येथे थबकतो. खिळे घासणारा मुलगा ओतशाळेचा मालक झाला हे खरे, पण असे एक जावजी झाले. बाकीचे जुळारी शिशाची धूळ अंगावर घेत, मंद उजेडात डोळे फोडत जुळारीच राहिले. तंत्राने धंदा वाढतो; वाढीतला वाटा कोणाला मिळतो हे मात्र तंत्र ठरवत नाही.

शाळकरी वयात तालुक्याच्या गावी एका ट्रेडलवर चालणाऱ्या छापखान्यात मी तासन्‌तास बसत असे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जत्रेची हस्तपत्रके एवढेच तिथले वाङ्मय. तिथले जुळारी नाना केसकडे न पाहता खिळा उचलत आणि उलट्या ओळी सुलट्यासारख्या वाचत. ऱ्हस्व-दीर्घाचे माझे पहिले शिक्षक तेच. नव्वदच्या दशकात संगणकावरची अक्षरजुळणी तेथवर पोचली. मालकाने कर्ज काढून संगणक घेतला, खिळे भंगारात वजनावर गेले. नाना घरी बसले. काही महिन्यांनी मालकच त्यांना बोलवायला गेले, कारण पडद्यावरची अक्षरे देखणी होती, पण शुद्धलेखनाच्या चुकांमुळे पत्रिका परत येऊ लागल्या होत्या. नाना आठवड्यातून दोनदा मुद्रिते तपासायला येऊ लागले. पगार अर्थातच निम्म्याहून कमी.

त्या अर्ध्या पगारात आणि गणपत कृष्णाजींच्या तुपात मला एक नाते दिसते. नवे यंत्र चालते ते जुन्या जाणकारीच्या आधारावर. पंचांगाच्या शिळेवर लिहिणारा लेखनिक, पंच कोरणारे आरू, मुद्रिते तपासणारे नाना ही त्या जाणकारीची माणसे. लघुउद्योगासाठी यंत्र घ्यायला कर्ज देणाऱ्या योजना आज पुष्कळ आहेत, आणि त्या हव्यातच. यंत्राच्या किमतीच्या हिशेबात या माणसांची रक्कम कोणत्या रकान्यात मांडायची, हे मात्र आपण अजून ठरवलेले नाही.