शब्दवेध : हक्क

'हक्क' हा शब्द अरबी. मूळ अर्थ सत्य, जे खरं आणि न्याय्य आहे ते. सूफींच्या तोंडी 'अल-हक्क' म्हणजे प्रत्यक्ष परमेश्वर. फारसीचं बोट धरून तो दख्खनच्या दफ्तरांत आला आणि पाटील-देशमुखांच्या वतनाला चिकटला. 'हक्क-लवाजिमे' म्हणजे ठरलेलं उत्पन्न नि मानपान. त्याच्या वाटण्या होत, त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत. सत्याची मालमत्ता झाली ती इथे.

सिनेमावाले वापरतात तो हा वतनी हक्कच. तंगीत सापडलेल्या मार्व्हल या कॉमिक्स कंपनीनं आपली पात्रं चित्रपटांसाठी विकली. १९९९ मध्ये स्पायडर-मॅन सोनीकडे गेला. ठरल्या मुदतीत चित्रपट निघाला नाही, तर हक्क मार्व्हलकडे परत जातात. म्हणून तर २००७ च्या चित्रपटानंतर पाचच वर्षांत स्पायडर-मॅनची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगितली गेली. मार्व्हलच्याच पात्रांवरचा १९९४ चा 'फँटॅस्टिक फोर' तर हक्क टिकवण्यासाठीच स्वस्तात उरकला. तो कधी प्रदर्शितच झाला नाही.

कागदावरच्या पात्राचं हे मला समजतं. पण नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवत, ती मुलं हाडामांसाची. बारसे आणि या मुलांवर नागराज मंजुळे यांनी 'झुंड' केला, तेव्हा त्यातल्या एका खेळाडूच्या जीवनकथेचे हक्क आपण आधीच घेतलेत, असा दावा हैदराबादच्या निर्मात्यानं लावला. चित्रपट मार्च २०२२ मध्ये लागला. ओटीटीची वाट मात्र सर्वोच्च न्यायालयात जाऊन मोकळी करावी लागली.