मांडीवरून सीटवर

बाळ यायला सहा आठवडे उरले होते. एका शनिवारी मी आमच्या गाडीत लहान मुलाची सीट बसवायला घेतली. गाडी १९९४ सालची, पीएच.डी. करताना स्वस्तात घेतलेली. पट्टा सीटमधून ओवला, 'खट्' असा आवाज आला, आणि सीट हलवून पाहिली तर ती चक्क चार बोटं सरकली! सीट नवी कोरी, पट्टा शाबूत. मग चुकतंय कुठे? शोधता शोधता इतिहासात शिरलो.

१९३० च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी गाडीतल्या खुर्च्या मिळू लागल्या, पण मूल एका जागी राहावं आणि त्याला बाहेरचं दिसावं, एवढाच त्यांचा उद्देश. अपघाताचा विचार करून केलेल्या सीट १९६० च्या दशकात आल्या. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी जेमिनी यानातले अंतराळवीर कसे पाठीवर टेकून बसतात ते पाहिलं आणि मागे तोंड करून बसायची सीट सुचवली. तान्ह्या बाळाचं डोकं जड, मान नाजूक. अशा सीटमध्ये समोरच्या टकरीचा धक्का सगळ्या पाठीवर विभागला जातो.

अमेरिकेत पहिलं सरकारी मानक १९७१ साली आलं, पण त्यात टकरीची चाचणीच नव्हती! ती १९८१ पासून सक्तीची झाली. सीट वापरण्याची सक्ती करणारं पहिलं राज्य टेनेसी. रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी पाठपुरावा केला आणि १९७७ साली कायदा झाला. त्यातही एक पळवाट ठेवली गेली: मूल मोठ्यांच्या हातात असेल तर सूट. ती १९८१ साली काढली. १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत कायदे झाले.

ती सूट किती घातक होती त्याचा हिशोब सोपा आहे. ताशी ५० किमी वेगाची गाडी टकरीत एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोचं बाळ धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. कुठल्या आईच्या हातात ती असणार?

आता माझ्या गाडीकडे वळू. तिचा पट्टा मोठ्या माणसासाठी केलेला. एरवी सैल सुटतो, धक्का बसला की अडकतो. मुलाची सीट मात्र आधीपासून घट्ट हवी. म्हणून १९९६ च्या मॉडेलपासून पट्टा आवळून कायम अडकवता येण्याची सोय सक्तीची झाली आणि २००२ पासून सीट थेट अडकवायच्या कड्या. म्हणजे चांगली सीट सुचल्यावर ती गाडीला नीट जोडायला तीसेक वर्षं लागली! माझी गाडी नेमकी त्या फटीत सापडली होती.

उपाय निघाला इंग्रजी 'एच'सारख्या दिसणाऱ्या धातूच्या क्लिपचा. सीट कंपनीकडून ती मागवली, गुडघा टेकवून सीट दाबली, पट्टा खेचला आणि बकलच्या जिभेपासून इंचभरात क्लिप अडकवली. पट्ट्याजवळ सीट धरून हलवली. इंचापेक्षा कमी हलली. पास!

पुण्याहून आलेली आई हे सगळं बघत होती. "अरे, तुला तर आम्ही रिक्षातून मांडीवर घेऊन आलो," ती म्हणाली. खरंच होतं. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने गाडीत मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर १००० रुपये दंड आला. माझ्या वेळी कोण विचारणार?

दवाखान्यातून घरी येताना आई मागे, सीटशेजारी बसली. तिचे हात सारखे बाळाकडे जात होते. पण तिने बाळाला उचललं नाही.